मिटलेलं भांडण

पार्से गावातल्या सगुण परसेकरांची बायको वारली, तेव्हा त्यांच्याशी रोज बोलणारं एकच माणूस उरलं, ते म्हणजे शेजारचा बाबली. बोलणं म्हणजे भांडण. दोघांच्या जमिनींमध्ये दगडांचा ढासळलेला गडगा होता आणि गडग्यावर काजूचं झाड. ते कोणाचं, यासाठी दोघे सकाळचा चहा झाला की आपापल्या बाजूला उभे राहत. सगुणभाऊ वीज खात्यातून निवृत्त झालेले, बाबलीचे मुलगे बोटीवर नोकरीला. दोघांनाही घाई नव्हती.

"माझ्या बापाशीन तुझ्या आज्याक इचारून ह्यां झाड लायलेला," सगुणभाऊ म्हणत.

"माझो आजो तेव्हा वेंगुर्ल्याक होतो. इचारल्यान कोणाक?"

भांडताना सगुणभाऊंना सगळं लख्ख आठवे. कुठल्या वादळात फांदी मोडली, कोणाच्या लग्नाच्या पंगतीत हा विषय निघाला, तेव्हा कोण काय बोललं.

त्यांचा मुलगा अनंत फोंड्याला बँकेत होता. या वयात वडिलांना मनस्ताप नको म्हणून त्याने जमीन मोजून घेतली, झाड तोडलं आणि चिऱ्यांची पुरुषभर उंच भिंत घातली. बाबलीच्या मुलांनी बोटीवरून फोनवर संमती दिली. दोघा म्हाताऱ्यांना हात मिळवायला लावून फोटोही काढला गेला.

"आता शांत बसा," अनंत म्हणाला.

सगुणभाऊ शांत बसले. इतके, की चवथीला गणपतीसाठी घरी आलेल्या सुनेला ते शेवंती म्हणू लागले. शेवंती त्यांची बहीण, वारून बरीच वर्षं झालेली. चहात मीठ पडू लागलं. पोदेर पाव देऊन गेला तरी थोड्या वेळाने ते दारात येऊन त्याची वाट बघत.

अनंतने त्यांना डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

"घरी कोणाशी बोलता?" बाईंनी विचारलं.

"टीव्हीवर बोलतात लोक," सगुणभाऊ म्हणाले.

एकटेपणाने मेंदू मंदावतो, यांना माणसांत ठेवा, असं बाईंनी बजावलं. अनंतला ते पटलं. त्याने लगेच वडिलांना मोठा मोबाईल घेतला, त्यात शब्दकोडी घातली, त्यावरच्या ज्येष्ठ नागरिकांच्या गटात त्यांचं नाव घातलं आणि माणसांची सोय झाली म्हणून फोंड्याला निघून गेला.

गटात रोज गुलाबाची फुलं येत. पुढच्या खेपेला अनंतने विचारलं, "रमता ना?"

"सगळे सुप्रभात म्हणतात," सगुणभाऊ म्हणाले. "म्हटल्यावर निघून जातात."

दिवाळी झाल्यावर एका सकाळी त्यांनी अंगण झाडलं, भिंतीला स्टूल लावलं आणि पाचोळ्याची टोपली पलीकडे उपडी केली. मग कान देऊन उभे राहिले. काहीच झालं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा टोपली.

"कोण तो?" पलीकडून आवाज आला. बरेच दिवस न वापरल्यासारखा, बसलेला.

"मी. ही भिंत माझ्या जमनीत हातभर इली हा."

पलीकडे खुर्ची ओढली गेली आणि भिंतीवर बाबलीचं डोकं दिसू लागलं. दाढी वाढलेली.

"हातभर? उलट तुझ्या झीलान, अनंतान माझी वीतभर खाल्ल्यान."

दोघे जेवणवेळेपर्यंत भांडत उभे होते. पुढच्या रविवारी अनंत आला, तो हे ऐकून हबकलाच. पंचायतीकडे जातो म्हणाला.

"तू मधी पडू नको," बाबलीने भिंतीवरून सांगितलं. "तू बँक सांभाळ."

पुन्हा तपासणीला गेले, तेव्हा सोमवारपासून कोण काय बोललं हे सगुणभाऊंनी ओळीने सांगितलं आणि भिंतीचा नकाशा काढायला कागद मागितला. डॉक्टरीणबाई थक्क झाल्या.

"काय बदल केलात?"

अनंतने विचार केला. "शब्दकोडी," तो म्हणाला.

बाईंनी ते लिहून घेतलं आणि इतरांनाही सांगू लागल्या. मोबाईल कधीचा बंद पडून कपाटात होता.

परत येईपर्यंत संध्याकाळ झाली. भिंतीवर बाबलीचं डोकं होतं.

"खंय गेल्लंस?"

"डॉक्टरणीकडे."

"काय म्हणाली?"

"बरो आसंय म्हणाली."

"सांगून जावचा होता," बाबली म्हणाला. "सकाळपासून खुर्चेर उभो आसंय मी."

सगुणभाऊंनी चपला काढल्या आणि स्टूल आणायला आत गेले.