फुंकर न घालता

शकूआत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी गिरीज गावच्या एका वाडीत नारळाची सोडणं, वरची काथ्याची सालं, गोणीत भरत होते. तिच्यासाठीच. गोणी तिथंच टाकावी की न्यावी, कळेना… शेवटी रिक्षात घातली आणि फुलपाड्याला, आत्याच्या चाळीत आले.

आत्या माझ्या नात्यातली नव्हे. सातवीत शाळा सुटलेली, परभणीहून इकडं आलेली मी. जीव सदा धास्तावलेला. तिनं नाव-गाव विचारायच्या आधी चहा दिला, मग काम. चपलांचं चामडं ती मागच्या पडवीत धुरावर रंगवायची. तेल चोळलेलं कातडं पिशवीसारखं शिवायचं, तोंड खाली करून डब्यावर टांगायचं आणि डब्यात ओलसर सोडणं धुमसत ठेवायची. पांढरट कातडं हळूहळू मधासारखं, मग तंबाखूसारखं होई. जाळ मात्र नको. पहिल्याच दिवशी, विझतंय असं वाटून मी फुंकर घातली. भडका उडाला, कड पापडासारखी आकसली. मला रडूच फुटलं. "फुंकू नको गं," आत्या म्हणाली, "घाबरलेलं माणूसच फुंकतं." तेवढी कड कापून उरलेल्याच्या तिनं मलाच चपला केल्या.

चाळ कमिटीचे भाऊ वरचेवर यायचे. "आत्या, वास येतो. लोक नावं ठेवतात."

"धुराला ठेवतात की माझ्या जातीला, ते आधी विचारून या. गणपतीत तुमचा धूप माझ्या घरात येतो, मी कधी खिडकी लावली?"

"तोंड फार आहे तुम्हाला."

"एकच आहे भाऊ. पण चालतं."

तिचे दिवस झाले. तिच्या मुलानं पडवी मला वापरायला दिली, आणि भाऊ लगेच हजर. "आता तरी डबा उचल. आत्या होत्या म्हणून ऐकून घेतलं." डबा गेला तर माझं काम गेलं. परत गावी कुठल्या तोंडानं जायचं…

काल सकाळी तीच गोणी सोडली. आत्यानं शिवून ठेवलेली शेवटची पिशवी खुंटीला होती, तिच्या तिरक्या टाक्यांची. ती टांगली, डबा पेटवला. धूर दिसताच भाऊ दारात. "सांगितलं होतं ना तुला?"

सोडणं मंदावलेली. ओठ आपोआप पुढे आले… मी ते मिटले.

"आत या भाऊ, बसा. वास कसला ते जवळून बघा. डबा मात्र हलणार नाही."

ते आत आले नाहीत, गेलेही नाहीत. मी पिशवीकडे बघत राहिले. तिरक्या टाक्यांतून धूर बारीक झिरपत होता, आणि कातडं रंग धरत होतं.