अकरा उन्हाळे मनालीत

मनालीला मी अकरा उन्हाळे काढले, हे खरं आहे. खोटं त्याच्या पुढे आहे. ते मी कुणाजवळ बोललो नव्हतो. बायकोजवळ बोललो ते गेल्या मे महिन्यात, आणि तेही इलाजच उरला नाही तेव्हा.

मी आचारी. आमच्या गावी, कळसला, पाऊण एकर बागायत आहे, टोमॅटो, दोडका, वांगी. ते सगळं बायकोच बघते. मी थंडीत लग्नांच्या ऑर्डरी घ्यायचो आणि उन्हाळा लागला की पुण्याच्या एका सहलवाल्यांबरोबर जायचो. आपली माणसं हिमालय बघायला गेली तरी त्यांना संध्याकाळी वरण-भात लागतो आणि सकाळी पोहे लागतात, म्हणून सहलवाले आचारी बरोबर नेतात. गोडा मसाला, शेंगदाण्याचं कूट, पापड, लोणच्याच्या बरण्या, मोठे कुकर असं सगळं पोत्यांत भरून आम्ही प्रवाशांच्या दोन दिवस आधी निघायचो.

हॉटेलचं मागचं स्वयंपाकघर आमच्याकडे असायचं. पहाटे उठून डब्याच्या पुऱ्या तळायच्या. आठला प्रवासी कानटोप्या घालून बसमध्ये बसायचे आणि बस गेली की मी डाळ भिजत घालायचो. तिकडे डाळ लवकर शिजत नाही. आपल्याकडे चार शिट्ट्यांत होते, तिथं सात घेतल्या तरी बोटात कणी लागते. स्वयंपाकघराच्या खिडकीतून एक भिंत दिसायची, पाण्याचा पाइप दिसायचा, एक सफरचंदाचं झाड आणि त्याच्यामागे डोंगराचा हातभर तुकडा. त्यावरही बहुतेक वेळा ढगच असे. एवढा माझा हिमालय.

पहिल्या वर्षी मी मॅनेजरला विचारलं होतं, एक दिवस बसमधून वर येऊ का म्हणून. तो म्हणाला, "काका, सीट प्रवाशांची आहे. आणि तुम्ही वर आलात तर संध्याकाळचं सूप कोण करणार?" त्याचं काही चुकलं नाही. मी पुन्हा विचारलं नाही.

त्या वर्षी घरी आलो तेव्हा बायको टोमॅटो निवडत बसली होती. "मग, बर्फ कसा असतो ओ?" तिनं विचारलं. खरं सांगायचं मनात होतं. पण टोमॅटो हातात तसाच धरून ती माझ्याकडे बघत राहिली. मी म्हणालो, "खोबऱ्याच्या किसासारखा. पाय ठेवला की गुडघ्यापर्यंत जातो."

मग दरवर्षीच तसं झालं. जेवताना प्रवासी दिवसभराचं सांगायचे आणि वाढता वाढता मी ऐकायचो. शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई होत्या, त्यांनी मला वरच्या बर्फाच्या खिंडीपर्यंतचं एकेक वळण सांगितलं. एका पोरगेल्या नवऱ्यानं नदीतल्या रबरी होडीचं सांगितलं, ती कशी उसळते, थंड पाणी तोंडावर कसं येतं ते. मी ते सगळं घरी आणलं. 'ते गेले'च्या जागी 'मी गेलो' म्हणायला काही सायास पडत नाहीत. एका वर्षी एका प्रवाशानं त्याचा फरचा कोट मला घालायला लावून हॉटेलच्या मागच्या अंगणात फोटो काढला. फोटोत माझ्यामागे पांढरंच पांढरं आहे. ते पांढरं म्हणजे दोरीवर वाळत घातलेल्या चादरी. घरी कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. फोटो भिंतीवर लागला. तोडणीला आलेल्या बायका म्हणायच्या, "हिच्या मालकानं हिमालय तुडवलाय," आणि बायको ते ऐकून घ्यायची, नाही म्हणायची नाही.

याहून वाईट एक गोष्ट आहे, तीही लिहितो. लेक नववीला होती त्या वर्षी मॅनेजरचा फोन आला. "चपात्यांना एक बाई कमी पडतीये. तुमच्या मिसेसना आणा. एक दिवस त्यांना बसमधून वर पाठवतो, सीट रिकामी आहे." मी म्हणालो, "तिचे गुडघे दुखतात. तिला चढ झेपायचा नाही." त्या दिवसांत ती टोमॅटोचा भरला क्रेट डोक्यावर घेऊन बांध चढायची. मी तिला विचारलंही नाही. ती आली असती तर तिनं ते स्वयंपाकघर बघितलं असतं, खिडकीतली भिंत बघितली असती. भाजीत मीठ जास्त झालं की मला सगळ्यांसमोर कसं बोलतात, ते ऐकलं असतं.

आता तिचे गुडघे खरोखरच गेलेत. एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवून चढते. मीही सहलीला जायचं बंद केलं. लेक बारामतीला एमआयडीसीत दुधाच्या कारखान्यात लागली. तिनं आम्हाला न विचारता तिकिटं काढली. "पप्पा, आता आईला तुमची मनाली दाखवा," म्हणाली. "गाइड करायची गरज न्हाय."

त्या दिवसापासून माझं जेवणावरचं लक्ष उडालं.

मनालीत पहिल्याच सकाळी बायकोनं विचारलं, "ते लाकडाचं देऊळ कुठंय? तुमी सांगायचा ते." मी ठामपणे डावीकडे वळलो. अर्ध्या तासानं आम्ही एसटी स्टँडसारख्या एका जागी पोचलो. "तवा हितं एवढी हॉटेलं नव्हती," मी म्हणालो. ती म्हणाली, "असंल." मग तिनंच एका शालवाल्याला विचारलं.

दुसऱ्या दिवशी बर्फाकडे जायला गाडी केली. आता तिकडे डोंगराखालून बोगदा झालाय. ती वळणांची वाट बघत काचेला टेकून बसली होती. "ती वळणं कुठायत? खाली बघितलं की पोटात गोळा येतो म्हणायचा तुमी."

"आता बोगदा झाला ना."

ड्रायव्हर तरणा होता, बोलका. आरशातून बघत म्हणाला, "अंकल, पहले आए हैं?"

मी तोंड उघडायच्या आत बायको म्हणाली, "ग्यारा टाइम. इनको सब मालूम है."

"तो फिर आप ही बताओ अंकल, कौनसे पॉइंट पे रोकूँ?"

दोघंही माझ्याकडे बघायला लागले. "कहीं भी," मी म्हणालो.

बोगद्याच्या पलीकडे चहाच्या टपरीपाशी त्यानं गाडी लावली. तिथंच कोट आणि गमबूट भाड्यानं मिळतात. बायकोला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं. साडीवर तिनं तपकिरी कोट चढवला आणि म्हणाली, "बुजगावणं दिसतीय मी." तिला वाकता येत नाही, म्हणून बूट घालायला मी तिच्या पायाशी बसलो. मान खाली होती, म्हणूनच बोलता आलं असावं.

"मी हितं कधी आलोच न्हाय," मी म्हणालो.

"हितं म्हंजी? बोगद्याच्या ह्या अंगाला?"

"कुठल्याच अंगाला न्हाय. हॉटेलातनं भायेर पडलो न्हाय कधी. अकरा वर्षं स्वयंपाकच केला."

तिनं पाय मागे घेतला. मग एकेक विचारायला लागली.

"मग ती वळणं?"

"एक बाई होत्या शाळेतल्या. त्यांनी सांगितली."

"आन् रबराची होडी?"

"ती बी दुसऱ्याचीच."

"फोटूत बर्फ हाय की पण."

"चादरी हायत त्या. हॉटेलच्या."

ती हसायला लागली. टपरीवाला वळून बघेल इतकी. "अवो, गावभर दावल्या की मी त्या चादरी. बारशाला आलेल्या बायकांना सुदीक दावल्या." हसता हसता तिनं डोळे पुसले. मला तिथंच थांबता आलं असतं. सुटलो होतो मी. पण दुसरा बूट अजून हातात होता. मॅनेजरचा फोन, चपात्या, रिकामी सीट आणि गुडघे, सगळं तिला सांगितलं.

तिचं हसू गेलं.

"कवाची गोष्ट?"

"लेक नववीला होती."

"तवा माझं गुडघं..." वर उतारावर माणसं चढत होती, त्यांच्याकडे ती बघत राहिली. मग म्हणाली, "इचारलं बी न्हाय मला."

"न्हाय."

"चुलीपाशी घामाघूम झालेलं रोज बघितलंय मी तुमाला. त्याच्यात लाजण्यासारखं काय होतं?"

मी दुसरा बूट तिच्या पायात चढवला.

घोडेवाला आला. "आंटी, घोड़ा? दो घोड़े?"

"एक," ती म्हणाली. "एकच."

त्यानं स्टुलावरून तिला वर बसवलं. ती वळूनही न बघता गेली. तिच्या खुर्चीवर मी तिच्या चपला घेऊन बसलो. समोर बर्फ होता. कडेला मळका, त्यात चहाचे कागदी कप रुतलेले, आणि वर डोळ्यांना सहन होत नाही एवढा पांढरा. मीही तो पहिल्यांदाच बघत होतो. पण लक्ष त्याच्याकडे नव्हतंच. तपकिरी कोट लहान लहान होत चालला होता. जाऊ दे, मनात म्हटलं. तिच्या वाट्याचं आहे ते, मी अडवून ठेवलेलं.

अर्ध्या चढावर घोडा थांबला. घोडेवाला हातवारे करत होता, बायकोही करत होती. मग घोडा वळला.

टपरीपाशी येऊन ती वरूनच घोडेवाल्याला म्हणाली, "इनको भी घोड़ा दो."

"मी बसतो हितंच," मी म्हणालो.

"तुमाला इचारत न्हाय मी. आज बोलणार न्हाय तुमच्यासंगं, उद्या बी न्हाय. पण हे मला एकटीला बघायचं न्हाय. चला."

वर पोचल्यावर घोडेवाल्यानं आम्हाला उतरवलं. तिनं माझा हात धरला नाही, माझ्या स्वेटरची बाही धरली. बाही धरूनच दहा-बारा पावलं चालली. खाली बघून थांबली, तेव्हा मी वाकून मूठभर बर्फ उचलला आणि तिच्या हातावर ठेवला. तळवा लाल होईपर्यंत तिनं तो धरून ठेवला. आजूबाजूला लोक घसरत होते, ओरडत होते. आम्ही बराच वेळ तसेच उभे होतो.

बोलली नाही ती, म्हटल्याप्रमाणे दोन दिवस बोलली नाही. चहाचा कप पुढे सरकवायची, गोळी घेतली का म्हणून डोळ्यांनीच विचारायची. मी काही मागितलं नाही. माफीसुद्धा मागितली नाही. तो शब्द आमच्यात कधी वापरलाच गेला नाही.

परतीच्या गाडीत समोरच्या बाकावर नगरकडच्या एक बाई होत्या. डबे उघडल्यावर त्यांनी बायकोला विचारलं, "कुठं जाऊन आलात?"

"मनालीला," बायको म्हणाली.

"पहिल्यांदाच?"

मी खिडकीबाहेर बघायला लागलो.

"व्हय," ती म्हणाली, "आमी दोघंबी पयल्यांदाच." आणि चपातीत भाजी गुंडाळून तिनं ती माझ्या हातात दिली.