हात नोको लावू

"हात लावून पाहा ना जी गुरुजी, जित्ता हाये."

तलावाच्या पाळीवरचा मासेवाला प्रत्येक गिऱ्हाइकाला हेच म्हणायचा. मी हात लावला की मागूर उसळायचा, मी दचकायचो आणि तो पोट धरून हसायचा. शाळेत पोरांना दरडावणारा मी पाळीवर असा दर आठवड्याला फजीत व्हायचो.

कोरोनात तो अठरा दिवस दवाखान्यात होता. वाचला, पण हातापायांची आग घेऊन घरी आला. नसा दुखावल्यात, वेळ लागेल, असं डॉक्टर म्हणाले. सदरा अंगाला लागला तरी तो ओरडायचा आणि खरी जखम मात्र त्याला कळायची नाही. तुम्हाला हे पटणार नाही. मलाही पटलं नव्हतं.

मग एका सकाळी पाहिलं, तर मागूर त्याच्या तळहातात रुतलेल्या कल्ल्यामागच्या काट्यानेच लटकला होता, रक्त गळत होतं आणि हा गिऱ्हाइकाशी भावावरून हुज्जत घालत होता.

"अरे, हात बघ तुझा," मी म्हणालो.

त्याने पाहिलं. मासा उपटला आणि दगडावर आपटला. पूर्वी एका फटक्यात मासा शांत करणारा हा माणूस, लगदा झाला तरी आपटतच राहिला. मी खांदा धरला, तर तीच मूठ माझ्या छातीत बसली.

"हात नोको लावू."

मला राग आला. आठवडाभर मी तिकडे फिरकलो नाही. गेलो तेव्हा त्याची बायको तोंडाला पदर लावून बसली होती. पुढचे दोन दात नव्हते.

"मासा लागला जी," ती म्हणाली.

"मास्याचं नाव कायले सांगून राहिली?" त्याने मान खाली घातली. "झोपेत तिनं पायावर चादर टाकली, गुरुजी. मी लाथ मारली."

"थंडी होती ना जी," ती म्हणाली. माझा राग तिथेच विरला आणि लाज वाटली.

तेव्हापासून तो पडवीत एकटा झोपायचा. ती ताट दुरून सरकवायची. पुढे तळपायात काटा मोडून पाय आतून कुजला, तेही त्याला कळलं नाही. ती पाय बघू म्हणाली की हा वल्हं उगारायचा. वास सुटला तेव्हा फार उशीर झाला होता.

तिरडी उचलण्याआधी हळद लावायला बायकांनी तिला पुढे केलं. तिचा हळदीचा हात त्याच्या पायापाशी येऊन थांबला.

"लावू काय जी?" तिने त्याला विचारलं.

मग तिने लाथ चुकवावी तसं तोंड बाजूला फिरवलं आणि दोन्ही हातांनी ते पाऊल घट्ट धरलं.