चोचवाल्या वन्सं

माझ्या नणंदेला अख्खी वस्ती चोचवाली म्हणायची. तोंडावर नाही, पाठीमागे. त्यांच्या कानावर ते कधीच गेलं होतं आणि त्यांना त्याचं काही वाटत नसे. "कामावरूनच म्हणतात ना," म्हणायच्या, "नाकावरून तर नाही?"

मी त्यांना वन्सं म्हणायचे. नवऱ्याची थोरली बहीण. लग्न केलं नाही, आमच्यापासून चार घरं सोडून एका खोलीत एकट्या राहायच्या. बाहेरच्या रस्त्याला अंड्यांची पोल्ट्री निघाली तेव्हा कामावर घेतलेल्या पहिल्या बायकांत त्या होत्या. पिल्लू दहा दिवसांचं झालं की त्याच्या चोचीचं टोक तापलेल्या पात्यावर कापायचं, हे त्यांचं काम. जास्त कापलं तर रक्त थांबत नाही, कमी कापलं तर चोच पुन्हा वाढते. वन्संचा हात असा बसला होता की दिवसाला दीड हजार पिल्लं हातावेगळी करायच्या.

लग्न होऊन मी नवी आले होते, तेव्हा एकदा विचारलं, "दुखत नाही का हो त्यांना?"

"दुखतं की. दोन दिवस दाण्याला तोंड लावत नाहीत."

"मग कशाला कापायची?"

"एका पिंजऱ्यात आठ असतात. एकीच्या अंगावर जरा रक्त दिसलं की बाकीच्या तिला टोचून टोचून मारतात. मी बघितलंय, म्हणून सांगते."

"मग आठ कोंबायच्याच कशाला?"

वन्संनी माझ्याकडे बघितलं. "तुझा नवरा लहानपणी तापातून उठला तेव्हा घरात एक अंडं आणलं होतं. त्याला अर्धं दिलं, अर्धं आजीला. मी दारात उभी राहून बघत होते. आज शाळेतल्या प्रत्येक पोराच्या डब्यात अंडं असतं. ते काय आभाळातून पडतं?"

माझ्या मागच्या अंगणात सहा कोंबड्या होत्या, आणि वन्सं आल्या की चहाचा कप घेऊन तिथंच पायरीवर बसायच्या. कोंबड्या धुळीत लोळायच्या, पंख पसरून उन्हात पडायच्या. वन्सं कप गार होईपर्यंत बघत राहायच्या. एकदा म्हणाल्या, "आमच्याकडच्यांना हे येत असेल का गं? का विसरल्या असतील?"

वीसेक वर्षं अशी गेली. शेडमधली धूळ आणि डोळ्यांत चुरचुरणारा वास यांनी वन्संना खोकला जडला. हात थरथरायला लागला तशी मालकाने त्यांना चार नंबरच्या शेडवर देखरेखीला लावलं. दहा हजार कोंबड्या. सकाळी आत शिरलं की पहिलं काम म्हणजे रात्रीत मेलेल्या उचलायच्या.

एका सकाळी तीस निघाल्या. दुसऱ्या दिवशी चारशे. तुरे जांभळे पडलेले. जनावरांच्या डॉक्टरांनी नमुने नेले, बर्ड फ्लू निघाला आणि तिसऱ्या दिवशी हुकूम आला, चारही शेडमधल्या सगळ्या कोंबड्या मारायच्या. आणि आजूबाजूला एक किलोमीटरच्या आत कोणाकडे जे काही पाखरू असेल तेही.

पांढरे सूट घातलेली माणसं आली. कोंबड्या मारायला गॅसच्या टाक्या यायच्या होत्या, त्या आल्याच नाहीत. मालक शेडच्या दारात उभा राहून म्हणाला, "हाताने करावं लागेल. कोण कोण थांबतंय?" निम्मी माणसं चपला घालून घरी गेली. वन्सं थांबल्या.

"नाहीतर नवशिक्यांनी केलं असतं," त्यांनी मला पुढे कधीतरी सांगितलं. "अर्धवट मारून पोत्यात भरल्या असत्या. पहिल्या दिवशी मी मोजत होते. दुसऱ्या दिवशी सोडून दिलं. पिंजऱ्यातून बाहेर काढली ना, की प्रत्येक कोंबडी एकदा पंख उघडायची. सगळ्या. पहिल्यांदाच जागा मिळालेली."

तीन दिवस हे चाललं. पोल्ट्रीमागच्या खड्ड्यावर चुना टाकत होते आणि वारा आमच्याकडे असला की खिडक्या लावूनही घास गिळवत नसे.

चौथ्या दिवशी वन्सं माझ्या दारात उभ्या राहिल्या. अंगात पांढरा सूट, मागे दोन माणसं.

"माझ्या ठणठणीत आहेत," मी म्हटलं. "चला, बघा येऊन."

"ठाऊक आहे मला."

"मग?"

"हुकूम आहे. हे दोघं करणार होते. मी म्हटलं, त्या घरी मी जाते."

"वन्सं, एक अंड्यांवर बसलीय."

त्यांनी मान खाली घातली. "तू आत जा. बघू नकोस."

मी आत गेले आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघितलं. एकीनेही आवाज केला नाही, इतका त्यांचा हात सराईत होता. खुराड्यात बसलेली शेवटी घेतली. तिला उचलण्याआधी वन्संनी थोडा वेळ तिच्या पाठीवर हात ठेवला होता. मग हातमोजे काढून त्या मागच्या दाराशी आल्या आणि म्हणाल्या, "हातावर जरा पाणी घालतेस?"

मी दार लावून घेतलं.

दीड वर्ष मी त्यांच्याशी बोलले नाही. चार घरांचं अंतर, समोरासमोर आलो की मी रस्ता बदलायचे. नवरा मधल्यामध्ये घुसमटायचा. त्या काळात बाजारातून अंडी नाहीशी झाली, शाळेतली बंद झाली. एकदा जनावरांचे डॉक्टर रस्त्यात भेटले. मी तावातावाने विचारलं, "आमच्या कोंबड्यांनी काय घोडं मारलं होतं? रोग तर पोल्ट्रीतून आला ना?"

"सांगता येत नाही, बाई. तळ्यावरच्या पक्ष्यांमुळे आला असेल, खाद्याच्या गाडीतून आला असेल, तुमच्या अंगणातूनही गेला असेल. इतकंच सांगतो, तुमच्याकडे शिरला तर सहा मरतात. तिथं शिरला की आग लागल्यासारखा पसरतो."

पोल्ट्री पाच महिन्यांनी पुन्हा भरली आणि वन्सं पुन्हा कामावर गेल्या. याचा मला सगळ्यात जास्त राग आला होता.

मग एका संध्याकाळी त्या आल्या. दार उघडं होतं, तरी बाहेरच उभ्या राहिल्या. दम लागला होता.

"एका मोठ्या गिऱ्हाइकाला पिंजऱ्याबाहेरच्या कोंबड्यांची अंडी हवीत. मालक चार नंबर मोकळी करतोय. जमिनीवर भुसा, बसायला दांड्या, चोची कापायच्या नाहीत. मला मोकळ्या कोंबड्यांचं काही कळत नाही. तुला कळतं. येतेस?"

माझ्या तोंडून "आत तरी या" एवढंच निघालं.

मी गेले. पहिले तीन महिने मला सणासारखे वाटले. तीन हजार कोंबड्या भुशात लोळताहेत, दांडीवर उडून बसताहेत. वन्सं भिंतीला टेकून बघायच्या आणि हसता हसता खोकायच्या.

मग एका दुपारी पत्र्यावर काहीतरी आदळलं. सगळी शेड बिचकून एका कोपऱ्यात धावली, एकीवर एक. आम्ही दोघी ओढून ओढून काढत होतो. दोनशे तर गुदमरून गेल्याच. पुढे टोचाटोची सुरू झाली. मी सगळं करून बघितलं, उजेड कमी केला, टोचायला कोबीचे गड्डे टांगले, जखमी वेगळ्या काढल्या. तरी रोज पंधरा-वीस मरायच्या, पिंजऱ्यातल्यांपेक्षा जास्त.

"सहा सांभाळणं वेगळं," मी रडकुंडीला येऊन म्हटलं.

"तुझं चुकलं नाही," वन्सं म्हणाल्या. "तीन हजारांना एकमेकींची ओळख कशी राहणार?"

पुढच्या खेपेची पिल्लं आली तेव्हा मालकाने पातं तापवायला सांगितलं. हात थरथरत असूनही वन्संच बसल्या, कारण बाकी कोणाला इतकं नीट येत नव्हतं. मी शेजारी बसून पिल्लं हातात देत होते. वर्षभराने गिऱ्हाइकाने पाठ फिरवली. ती महाग अंडी कोणी घेत नव्हतं. चार नंबरमध्ये पुन्हा पिंजरे बसले, तरी मी कामावर राहिले.

त्या पावसाळ्यात वन्संना दवाखान्यात ठेवलं. छाती पार निकामी झाली होती. नळीतून हवा घेत पडल्या होत्या, तेव्हा मी विचारलंच, "का नाही सोडलंत हो? एवढं कळत होतं तुम्हाला."

"सोडून काय, शेड बंद पडली असती?" त्यांनी दम घेतला. "मी असले की निदान मेलेल्या वेळेवर उचलल्या जायच्या. आजारी असेल ती तडफडत राहायची नाही. एवढंच करता आलं." मग डोळे मिटून म्हणाल्या, "तुझ्या त्या सहा... तेव्हा माझ्या हातावर पाणी घालायला हवं होतंस."

"हो," मी म्हटलं. "घालायला हवं होतं."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या गेल्या. मालक येऊन गेला, म्हणाला असा हात पुन्हा मिळायचा नाही. मी चार दिवस घरी बसले. पाचव्या दिवशी शेडवर गेले, कारण नवी पिल्लं आली होती आणि प्रवासातून आलेल्या पिल्लांना आधी एकेकाची चोच पाण्यात बुडवून प्यायला शिकवावं लागतं. संध्याकाळपर्यंत मी तेच करत होते.