दिवाबत्तीवाल्याची दुर्बीण

आमचे हे नगरपालिकेच्या दिवाबत्ती विभागात वायरमन. पस्तीस वर्षं खांबांवर चढून गावाला उजेड दिला आणि घरी आल्यावर त्याच उजेडाच्या नावाने बोटं मोडली. कारण स्वारीला नाद आकाशाचे फोटो काढायचा. चंद्राबिंद्राचे नव्हेत, चंद्र उगवला की यांचा चेहराच पडायचा. यांना हवे असत ते लांबचे, नुसत्या डोळ्यांना न दिसणारे ढग, तेजोमेघ म्हणतात ते. दिवसा दिवे लावायचे आणि रात्री अंधार शोधायचा, असा सगळा उफराटा कारभार. मी शिवणकाम करते. निदान स्वतः शिवलेलं रोज उसवत तरी नाही.

तेव्हा कॅमेऱ्यात रीळ असायचं. एका फोटोला चाळीस मिनिटं. तेवढा वेळ डोळा भिंगाला लावून एक तारा दोन रेघांच्या फुलीवर धरून ठेवायचा, आणि तो जरा सरकला की हाताने चाक फिरवायचं. मी एकदा चहा घेऊन गच्चीवर गेले तर मला दारातच हात करून थांबवलं, जसं काही माझ्या पावलांनी तारा हलणार होता. मग रीळ स्टुडिओत जायचं. स्टुडिओवाला म्हणायचा, "काही आलेलं नाही हो, सगळं काळं आहे, ठिपके तेवढे पडलेत." आणि फोटो कुठे संपतो ते न कळल्यामुळे बरोबर मधोमध कात्री चालवायचा. असे दोन अर्धे तेजोमेघ अजून आमच्या कपाटात आहेत.

एकोणीस वर्षांपूर्वी यांनी ती दुर्बीण गच्चीवरून उतरवली, एका शाळेला देऊन टाकली आणि कानाला खडा लावला. लोकांना सांगितलं, मान धरते. मुलीलाही तेच सांगितलं. खरं कारण एकट्या मला ठाऊक होतं आणि मीही मूग गिळून बसले, तेव्हा त्यातला निम्मा दोष माझा.

झालं होतं असं. आमच्या दारासमोरच्या खांबावरचा दिवा गेला. तक्रार आली आणि दुसऱ्याच दिवशी नवा दिवा यांच्या हातात पडला. पण नेमकी अमावास्या जवळ, आकाश धुतल्यासारखं स्वच्छ. यांनी तो दिवा घरी आणून खुंटीवरच्या पिशवीत ठेवला आणि नोंदवहीत लिहिलं, 'सामान उपलब्ध नाही.' मला म्हणाले, "तीनच रात्री गं." तिसऱ्या रात्री समोरच्या सिस्टर इस्पितळातून दुसरी पाळी संपवून येत होत्या. अंधारात गटाराच्या फुटक्या झाकणात पाय गेला आणि मांडीचं हाड मोडलं. आवाज ऐकून हे गच्चीवरून धावत आले, त्यांना उचललं, कुठून तरी गाडी मिळवली, पहाटेपर्यंत इस्पितळात बसले. घरी आल्याबरोबर आंघोळ न करता आधी खांबावर चढून दिवा बसवला.

सिस्टरांचा पाय आखूड राहिला. हातात काठी आली, वॉर्ड सुटला. वॉर्डात त्यांचा जीव होता. नशिबी आलं नोंदणीचं टेबल. आणि तरीही त्या भेटेल त्याला सांगायच्या, "वायरमन देवासारखे धावून आले म्हणून वाचले." हे समोर असले तर मान खाली घालून चपला शोधायला लागायचे. लोकांना वाटायचं, काय विनयशील माणूस! त्या बाईंनी चार शिव्या हासडल्या असत्या तर माझा माणूस इतका खचला नसता, असं मला आजही वाटतं.

यंदा मुलीने, नोकरीत जरा स्थिरावल्यावर, बापाला न विचारता तीन खोकी पाठवली. छोटी दुर्बीण, ताऱ्यामागे आपोआप फिरणारी बैठक, स्वतःला उणे दहा अंशांपर्यंत गार करून घेणारा कॅमेरा आणि काडेपेटीपेक्षा थोडा मोठा संगणक. सोबत एक गोल काच होती, तेजोमेघाचा तेवढा उजेड आत घेणारी आणि रस्त्यावरच्या दिव्यांचा बहुतेक सगळा बाहेर ठेवणारी. तीन आठवडे खोकी पलंगाखाली. मुलगी रोज फोन करायची, "बाबा, उघडलं का?" हे म्हणायचे, "बघतो." शेवटी मीच माझ्या कात्रीने खोकं कापलं.

उघडल्यावर मात्र यांना राहवेना. आधी हॉलमध्ये, माझ्या शिवणयंत्राच्या शेजारी सगळं जोडून पाहिलं. वायरमन माणूस, पण त्या सात वायरींनी नाकी नऊ आणले. मग गच्ची. पहिल्या रात्री ढग. दुसऱ्या रात्री ढग. तिसऱ्या रात्री तासभर फोटो काढले आणि सगळे काळे कुळकुळीत निघाले, कारण दुर्बिणीचं झाकण काढायचंच राहिलं होतं. चौथ्या दिवशी सकाळी दुर्बिणीच्या तोंडावर पांढरं कापड ताणून कोऱ्या आकाशाचे फोटो घ्यायचे होते. काचेवरची धूळ कुठे आहे ते त्यातून कळतं म्हणे. त्यासाठी माझं नवंकोरं अस्तराचं कापड गेलं. मी आकांडतांडव केलं, पण खोटं कशाला सांगू, आतून मला बरं वाटत होतं. कितीतरी वर्षांनी हे सकाळी शीळ घालत होते.

आठवड्याने फोटो आला. मृगाच्या डावीकडचा, गुलाबासारखा लालसर तेजोमेघ, पाकळी न् पाकळी सुटी. तोही दारासमोरचा नवा पांढराफेक दिवा ढणढणत असताना! मी भरात येऊन तो सिस्टरांना दाखवला. दाखवायला नको होता, किंवा तेच बरं झालं.

संध्याकाळी सिस्टर काठी टेकत फाटकाशी आल्या. "वायरमन, हे तुम्ही काढलंत? मला खरं बघायचंय, पण तुमचा जिना मला झेपायचा नाही. एकदा खाली आणाल का? माझ्यासाठी त्या रात्री एवढं धावलात, तर एवढं कराच."

यांनी मान खाली घातली. "आणतो," म्हणाले आणि आत आले. आत येऊन सगळ्या वायरी काढायला लागले.

"हे काय करताय?"

"परत पाठवतो पोरीला."

"अहो, सांगून मोकळे व्हा ना एकदाचे."

"सांगितलं तर ती बाई माझं तोंड बघणार नाही."

"नाही बघणार. पण तुम्ही एकोणीस वर्षं तिचं तोंड चुकवताय, त्याचं काय?" माझा आवाज चढला होता. "मलाही आता हे सोसत नाही. चला, मी येते बरोबर."

दुसऱ्या दिवशी दुपारी गेलो. सिस्टर खिडकीशी बसून चष्म्याची दांडी दोऱ्याने बांधत होत्या. यांनी बसायलाही नकार दिला आणि उभ्याउभ्या सगळं सांगितलं, साहेबापुढे तक्रार वाचावी तसं. दिवा कधी मिळाला, वहीत काय लिहिलं, का लिहिलं.

सिस्टरांनी चष्मा मांडीवर ठेवला. "दिवा कुठे होता तेव्हा?"

"घरात. खुंटीवर, पिशवीत."

"म्हणजे मला उचलायला आलात ते त्या पिशवीवरूनच?"

"हो."

"आणि वहिनी, तुम्हाला माहीत होतं?"

"होतं," मी म्हणाले.

त्यांनी चष्मा पुन्हा हातात घेऊन दोऱ्याला गाठ मारली. मग म्हणाल्या, "जा आता दोघंही."

पुढचे अकरा दिवस त्यांनी आमच्या दाराकडे पाहिलं नाही. आकाश लख्ख होतं; दुर्बीण मी शिवलेल्या खोळीत पडून होती. यांचं जेवण अर्ध्यावर आलं. मी मुलीला फोनवर सगळं सांगितलं. पोरगी हळूच म्हणाली, "आई, बाबांना सांभाळ." मला यांच्यावर राग होता, स्वतःवर होता, आणि रात्री कूस बदलत पडलेल्या या माणसाची माया काही केल्या कमी होत नव्हती.

बाराव्या दिवशी मी ब्लाउज द्यायला निघाले तर सिस्टरांनी दारातून हाक मारली. "वहिनी, त्यांना म्हणावं, आज संध्याकाळी ते सगळं खाली आणा. माझ्या दाराशी."

"सिस्टर..."

"मी कशासाठी पडले, ते एकदा बघू दे मला."

साडेसात वाजता हे दुर्बीण घेऊन उतरले. दुर्बिणीचं तीन पायांचं तिकाटणं दिव्याच्या खांबाला लागूनच मांडलं, कारण बैठक आधी ध्रुवाच्या रोखाने लावावी लागते आणि ध्रुव दिसायला दुसरी जागा नव्हती. साधा स्क्रू तीनदा निसटला; शेवटी बैठक मी धरून ठेवली. सिस्टरांना खुर्ची दिली. बैठक आपली आपण फिरली, थांबली. पहिला फोटो पाच मिनिटांचा.

संगणकाला जोडलेल्या छोट्या पडद्यावर एक पुसट डाग उमटला. दुसरा फोटो त्यावर चढला, मग तिसरा. हळूहळू कडा दिसू लागल्या, मधली पोकळी, तिच्यातले निळे तारे.

"त्या रात्री हेच काढत होतात?" सिस्टरांनी विचारलं.

"हेच."

"आला होता का तेव्हा?"

"नाही. मी खाली धावलो, मागे तारे सरकले. नुसत्या रेघा आल्या."

सिस्टरांनी चष्मा सारखा करून पडदा जवळ ओढला. पाकळ्यांवरून बोट फिरवलं. किती तरी वेळ बघत राहिल्या.

"चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "पण माझ्या पायाएवढं नाही."

"नाही," हे म्हणाले. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि त्यांनी ते पुसलंही नाही.

सिस्टरांनी यांच्याकडे पाहिलं. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच, सरळ. मग काठी भिंतीला टेकवून ठेवली.

"नीट यायला अजून किती वेळ लागतो?"

"दोन तास तरी."

"मग बसते मी. वहिनी, आतून माझी शाल आणता?"