कीबोर्डवरून गालावर

आज सकाळी ब्रशने चंदनी साबण घोटायला घेतला, वाटीत दाट फेस चढला, आणि त्या वासासरशी वारज्याच्या याच घरातली जुनी सकाळ आठवली.

हा लाकडी मुठीचा दाढीचा ब्रश वडिलांचा. घरात पहिला संगणक आला, तेव्हा त्यांनी तो आपणहून देऊन टाकला. "ओल्या फडक्याने पुसतोस? अरे, मशीन आहे ते, ओटा नव्हे!" म्हणत कीबोर्डच्या फटींतली धूळ त्यांनीच याने झटकून दाखवली. पुढे संगणक चार बदलले. झटकणारा तोच राहिला.

मग वडिलांना अर्धांगाचा झटका आला, उजवा हात लुळा पडला. न्हावी घरी यायला नको, आणि दाढी वाढलेली म्हणून खाली बागेत मित्रांत जायलाही नको. बोलणं कमी होत चाललं, तसा मी घाबरलो. दाढीचं विजेवरचं यंत्र आणलं. "माझ्या तोंडावर लॉन उगवलंय का?" एवढं बोलून त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

मी ब्रश धुवायला घेतला. शाम्पूने तीनदा, मग एक भाग व्हिनेगर, तीन भाग पाणी. त्यात केसांचा जुडगाच मुठीतून निसटून हातात आला. पण जुडग्याचा दोरा शाबूत होता. खाचेतला जुना गोंद खरवडला, पाण्याला न सुटणारा भरला, जुडगा सरळ बसवून ब्रश उलटा टांगला. मुठीला जवसाचं तेल चोळलं, तशा लाकडाच्या रेषा उजळून आल्या. सगळ्यात मिळून अकरा केस गळले. एवढी घट चालते.

दुसऱ्या दिवशी सकाळी फेसाचा वास आला आणि वडिलांनी मान वळवली.

"हा संगणकाचा ना? आता त्याला काय वापरणार?"

"त्याला दाढी येत नाही, बाबा."

ते हसले. हनुवटी वर केली. दाढी झाल्यावर डाव्या हाताने आरसा धरून म्हणाले, "एक कल्ला खाली उतरलाय. बागेत जायचा सदरा काढ."

संध्याकाळी माझ्या खांद्यावर हात टाकून ते बागेत उतरले. बाकावरून आवाज आला, "काय राव, लग्नाला निघालात?"

"मुलगी दाखवा, आत्ता बोहल्यावर चढतो!"

अख्खा बाक हसला. आनंदाच्या भरात मी तर इमारतीच्या वरची टाकी डोक्यावर उचलली असती.

तेव्हा हे शहर दर महिन्याला नवं होत होतं, आणि त्या वाढीचेच हिशेब मांडून मी पगार मिळवत होतो. पण मोठा झाल्यापासून वडिलांच्या गालाला आपण कधी हातच लावला नव्हता, हे मला त्या सकाळी, फेस लावताना कळलं. तो गाल थोडा सैल होता, आणि ऊबदार.