पालथा सबवूफर

आमच्या आबांना ऐकू येत नाही, ही गोष्ट आबा सोडून सगळ्या दिघीला माहीत आहे.

आबा म्हणजे माझे वडील. त्यांनी उभी नोकरी फोर्जिंगच्या हॅमरवर काढली. लाल लोखंडावर घण पडायचा, जमीन हादरायची आणि आबा शेजारी निवांत उभे. निवृत्त झाल्यावर ते घरी आले, कान मात्र कंपनीतच राहिले. पण हे त्यांना पटवणार कोण? "मला समदं ऐकू येतं! तुमीच तोंडातल्या तोंडात बोलता!" कानाचं यंत्र आणलं, तर ते त्यांनी शिलाई मशीनच्या ड्रॉवरमध्ये बॉबिनच्या शेजारी ठेवून दिलं. "मी काय गाडी हाय का, पार्ट बसवायला?"

त्यामुळे आमचा टीव्ही कायम फुल आवाजात. खालच्या मजल्यावरच्या शिंदेकाकूंनी स्वतःचा टीव्ही विकला असता तरी त्यांची एकही मालिका बुडाली नसती! शेवटी एकदा त्या वर आल्या आणि कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या, "अहो, त्या मालिकेतली सून दार आपटते ना, तेव्हा माझ्या भिंतीवरचं घड्याळ पडतं." माझ्या बायकोने, वैशालीने, रिमोट घेऊन आवाज अर्ध्यावर आणला.

आबांनी एकदा रिमोटकडे बघितलं. उठले, आपली खुर्ची उचलली, गॅलरीत नेली आणि घराकडे पाठ करून बसले. त्या दिवसापासून त्यांचं ताटही तिकडेच. समोर मिलिटरीच्या जागेतली झाडं, तारेचं कुंपण आणि आबा! हॉलमध्ये आम्ही हळू आवाजात टीव्ही बघायचो आणि माझं लक्ष सारखं गॅलरीकडे जायचं. भांडले असते तर बरं झालं असतं. ही मुकी पाठ मला अजिबात सहन होईना.

तेव्हाच कंपनीत जेवणाच्या सुट्टीत एकाने मला ज्ञान दिलं की सबवूफरचा आवाज कानाने ऐकायचा नसतो, तो छातीत जाणवतो. बस्स! माझ्या डोक्यात ट्यूब पेटली. आबांना परत हॉलमध्ये आणायचं आणि त्यासाठी घरात होम थिएटर करायचं.

"म्हणजे ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी तुम्ही मोठा आवाज आणणार," वैशाली म्हणाली. "आणि शिंदेकाकूंना काय, कापूस वाटणार?"

"अगं, तो आवाज जाणवतो फक्त!"

"मग दुकानातून तयार आणा."

इथे मात्र माझा स्वाभिमान आडवा आला. सबवूफर म्हणजे तरी काय, मोठा स्पीकर बसवलेलं लाकडी खोकंच! मी चाकणला एका कंपनीत पॅकिंग खात्याचा सुपरवायझर आहे. मशीनचे पार्ट परदेशी पाठवायची लाकडी खोकी आम्ही बनवतो. माझं खोकं जहाजातून जातं, बंदरावर आपटतं, क्रेनवरून पडतं, पण उघडत नाही! एकदा तिकडून निरोप आला होता की माल उत्तम आहे, पण खोकं उघडायला तुमचा माणूस पाठवा. (मी तो निरोप प्रिंट काढून टेबलावर लावलाय.) आणि अशा माणसाच्या घरात दुसऱ्याने बनवलेलं खोकं येणार? लोक काय म्हणतील!

कासारवाडीला सलीमभाईंचं फर्निचरचं वर्कशॉप आहे. आमची जुनी दोस्ती. रविवारी त्यांच्याकडे मरीन प्लाय, स्क्रू, ग्लू असं सगळं मांडून मी कामाला लागलो.

"राव, मी कापून देतो," सलीमभाई म्हणाले. "तुम चाय पियो."

"सलीमभाई, आज कोणी हात लावायचा नाही. आज नुसतं बघायचं."

सलीमभाई खुर्ची टाकून बघत बसले. मी सहा एकसारख्या फळ्या कापल्या. समोरच्या फळीला स्पीकरसाठी गोल भोक पाडायचं होतं, म्हणून तिच्यावर खडूने फुली मारली. भोक पाडलं. काय सुंदर गोल! मग फळ्या जोडायला घेतल्या आणि माझ्या हातांना कंपनी चढली. ग्लू, स्क्रू, पट्टी! ग्लू, स्क्रू, पट्टी! डोकं कधीच बाजूला पडलं होतं, हात आपले चाललेले. पेटी पूर्ण झाल्यावर मी तिच्यावर कंपनीच्या खोक्यांवर असतात तसे वर दाखवणारे बाण स्टेन्सिलने मारले, छत्री मारली, काचेचा पेला मारला आणि घाम पुसत मागे सरकलो.

सलीमभाईंनी पेटीभोवती एक चक्कर मारली. मग उलट्या बाजूने दुसरी मारली.

"भावा, याचं तोंड कुठाय?"

"समोर."

"समोर तो छत्री है."

मी एक बाजू बघितली. पेला! दुसरी बघितली. बाण! मग आम्ही दोघांनी मिळून पेटी आडवी केली. भोक तळाला होतं! त्याच्या दोन्ही अंगांना मी जाडजूड ठोकळे ठोकून ठेवले होते. फोर्कलिफ्टचे दात आत जावेत म्हणून!

त्याचं असं आहे. आमच्या खात्यात ज्या फळीवर खडूची फुली, ती तळाची. तिला ठोकळे ठोकायचे आणि पुढे जायचं. इतकी वर्षं हात हेच करत आलेत. फुली दिसली, हातांनी ठोकळे ठोकले. दिघीतल्या फ्लॅटमध्ये फोर्कलिफ्ट कुठून येणार, असा प्रश्न हातांना पडत नाही.

"खोल डालो," सलीमभाई म्हणाले.

पहार आणली. मी जोर लावला. सलीमभाईंनी जोर लावला. शेजारच्या गॅरेजमधला मेकॅनिक येऊन लोंबकळला. पहार वाकली, फळी हलली नाही! स्वतःच्या कामाचा इतका अभिमान आणि इतका संताप मला एकाच वेळी कधी आला नव्हता.

शेवटी आहे तसाच स्पीकर तळाला बसवला आणि पेटी टेम्पोत घालून घरी आणली. सोसायटीच्या गेटपासून लिफ्टपर्यंत प्रत्येकाने विचारलं, "फ्रीज का?" मी प्रत्येकाला सांगितलं, "सबवूफर." त्यावर प्रत्येकजण म्हणाला, "कोणत्या कंपनीचा फ्रीज?"

वैशालीने दारातच पेटी न्याहाळली. "ही छत्री कशाला काढलीय? हॉल गळतो का आपला?"

"ते... भिजवू नका म्हणून."

"आणि आवाज कुठून येणार?"

मी बोटाने जमिनीकडे दाखवलं.

"तोंड खाली घालून बसलाय होय? अगदी तुमच्यासारखा!"

आबा गॅलरीतून मान वळवून बघत होते. मी उत्साहाने ओरडलो, "आबा, होम थिएटर!" ते म्हणाले, "ठेव तिकडं. माल कवा उचलणार हायत?" आणि पुन्हा पाठ केली.

संध्याकाळी आबा खाली फेरी मारायला गेले, तोवर मी वायरी जोडल्या. ते परत येताच वैशालीने भरलेलं ताट त्यांच्या हातात दिलं. पण गॅलरीत सगळीकडे कुरडया वाळत घातलेल्या! खुर्चीवरसुद्धा परात. (कुरडया नेमक्या त्याच संध्याकाळी का घातल्या, हे मी बायकोला अजून विचारलेलं नाही. काही गोष्टी विचारायच्या नसतात.) आबा ताट घेऊन नाइलाजाने हॉलमध्ये आले. सोफ्यावर वायरींचा गुंता. मग त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि सरळ माझ्या सबवूफरवर बसले!

मी ओरडणार होतो, पण थांबलो. कंपनीत जन्मभर त्यांनी डबा असाच खाल्ला होता, खोक्यावर बसून. किती सहज बसले होते! मांडीवर ताट, पाय पसरलेले, जणू आता सुट्टीचा भोंगा होणार.

हाताला लागला तो व्हिडिओ मी लावला. आमच्या खेड तालुक्यातल्या गावच्या जत्रेचा, ढोल-लेझीमचा. तरुणपणी आबा त्यात ढोल वाजवायचे. टीव्हीचा आवाज बेताचाच ठेवला होता. पहिला ठोका पडला. धाड!

भाकरीचा तुकडा आबांच्या तोंडाजवळच थांबला.

धाड! धाड! पेटीचं तोंड जमिनीकडे, त्यामुळे सगळा दणका फळीतून थेट आबांच्या अंगात. त्यांनी ताट खाली ठेवलं. दोन्ही तळवे पेटीवर टेकवले. डोळे मिटले. मी रिमोट घट्ट धरून उभा. वैशाली हातात उलथनं घेऊन स्वयंपाकघराच्या दारात.

"गावचा ढोल हाय," आबा म्हणाले. मग कपाळाला आठी घातली. "कोण वाजवतंय रं? हात उशिरा पडतोय त्येचा!"

"आबा, तुम्हाला ऐकू येतंय?"

"मला कवा ऐकू येत न्हवतं?" आबा खेकसले आणि मांडीवर ठेका धरला. "हां! आता बरोबर! हाण की लेका!"

माझे डोळे भरून आले. मी वैशालीला सांगितलं की ग्लूचा वास चढलाय. ती म्हणाली, "मलापण." आणि तिने तर ग्लूला हातही लावला नव्हता!

इतक्यात बेल वाजली. दारात शिंदेकाकू, हातात झारा! "आमच्या डब्यातली मोहरी नाचतेय! काय चाललंय काय?"

मी तोंड उघडायच्या आत आबा उठले आणि खोकं थोपटून म्हणाले, "या, बसा. गावची जत्रा हाय."

काकू भांडायच्या तयारीने बसल्या. धाड! त्यांचे डोळे मोठे झाले. अजून एक धाड! झारा खाली आला. काही वेळाने त्या हळूच म्हणाल्या, "अगं वैशाली, माझ्या गुडघ्याला बरं वाटतंय गं."

दुसऱ्या दिवशी सलीमभाईंनी ठोकळ्यांखाली जुन्या टायरचे तुकडे बसवून दिले आणि खालची मोहरी शांत झाली. टीव्हीचा आवाज आता इतका कमी असतो की शिंदेकाकूंना मालिका बघायला वर यावं लागतं. त्या येतात, आणि गुडघे दुखणाऱ्या मैत्रिणींनाही घेऊन येतात. मधोमध छत्रीच्या खोक्यावर आबा! गुडघेवाल्यांना आळीपाळीने बसायला देतात, "आता तुमचा नंबर" म्हणून उठवतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "माझ्या पोरानं बनवलंय. मुद्दाम तोंड खाली ठेवलंय त्यानं. लई डोस्कं हाय!"

मुद्दाम! मी मान डोलावतो. अशा वेळी खुलासा करायला मी काही इतका मूर्ख नाही.

आबांना हॉलमध्ये परत आणायचं होतं, आणले! फक्त आता हॉलमध्ये मला बसायला जागा नाही. माझं ताट वैशाली गॅलरीत आणून देते. समोरची झाडं छान आहेत. परवा तिने विचारलं, "अहो, आतून केव्हाच्या हाका मारतेय, ऐकू येत नाही का?"

मी म्हणालो, "मला समदं ऐकू येतं."